ह्यांना थंडी सोसत नाही

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. नोकरी सोडून त्यांना आता तीन वर्षं झाली. त्यांच्या जागी सध्या एक हुशार मुलगी आहे. ती कानात गाणी घालून काम करते, चुका जवळजवळ करत नाही आणि पेशींशी एक अक्षर बोलत नाही. बाई बोलायच्या. सकाळी आल्या आल्या उबेच्या कपाटाचं दार उघडून आत डोकवायच्या आणि घरी पाहुणे मुक्कामाला असावेत तशा विचारायच्या, "झाली का झोप ह्यांची?" माझी खोली शेजारची. तिथे यंत्रासाठी गारवा ठेवावा लागतो. मधलं दार जरा उघडं राहिलं की बाईंचा आवाज आलाच. "भाऊ, ते दार लावा आधी. ह्यांना थंडी सोसत नाही."

मी पेशीवाला नव्हे. मी चुंबक सांभाळतो. माणसाहून उंच, पोटात अतिथंड द्रव भरलेलं पिंप आहे ते, आणि एकवीस वर्षं मी त्याची उठाबस करतोय. मुलं मला चुंबकराव म्हणतात, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि नाक चांगलं लांब आहे. बाईंना मात्र माझ्या रागाचं काडीचं कौतुक नव्हतं.

"बाई, पेशी आहेत त्या. जावई नव्हेत," मी म्हणायचो.

"जावयाचे लाड केले तर तो बिघडतो. ह्यांचे केले तर ह्या वाढतात," असं म्हणून त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घालायच्या.

आमच्याकडे त्या लागल्या त्या काचसामान धुवायला. आमच्या प्रमुख, म्हणजे मॅडम, एकदा मुलांना फळ्यावर काहीतरी समजावत होत्या आणि बाई हात पुसत मागे उभ्या होत्या. डीएनए म्हटलं की सगळ्यांना ती पिळाची शिडी आठवते. पण धाग्याच्या टोकाशी, जिथे तो संपतो तिथे, तो कधीकधी स्वतःवरच दुमडतो आणि चार पदरांची घट्ट घडी घालून बसतो. मॅडमनी त्या घडीचं चित्र काढलं, लांबलचक नाव लिहिलं. मागून बाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर चादरीची चौघडी." मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते लांबलचक नाव पुसलं आणि चौघडी लिहिलं. पुढच्याच महिन्यात बाईंच्या हातातला ब्रश गेला आणि पेशींच्या बाटल्या आल्या. तळहाताच्या फोडासारख्या जपल्या त्यांनी त्या. त्यांच्या हाताखालच्या बाटलीला बुरशी लागलेली मी कधी पाहिली नाही.

आमचं काम काय होतं तेही सांगतो, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. काचेच्या नळीत, साध्या पाण्यात चौघडी कशी बसते हे मोजणं सोपं असतं. आम्हाला ती जिवंत पेशीच्या आत, तिथल्या गर्दीत कशी बसते ते बघायचं होतं. त्यासाठी धाग्याच्या टोकासारखाच एक छोटा तुकडा बनवायचा. विजेचा हलका झटका देऊन तो पेशींच्या आत सारायचा. मग कोट्यवधी पेशी एका बारीक काचेच्या नळीत भरायच्या आणि ती नळी माझ्या चुंबकात सोडायची. वरून रेडिओच्या लहरी दिल्या की आतला एकेक अणू आपापल्या सुरात ओ देतो आणि पडद्यावर रेघ उमटते. चौघडी असेल तर पट्टीवर दहा आणि बाराच्या मध्ये रेघ वर उठते, शिखरं दिसतात.

गोम पुढे आहे. नळीत दाटीनं कोंबलेल्या पेशींना ना ताजं खाणं ना हवा. अर्ध्यापाऊण तासात त्या मरायला लागतात. मेलेली पेशी फुटते, आतला तुकडा बाहेरच्या पाण्यात येतो, आणि मोकळ्या पाण्यात तो फार देखणा दिसतो. म्हणून शिखरं दिसली की उड्या मारायच्या नाहीत. नळी बाहेर काढायची, पेशी तळाला बसू द्यायच्या, वरचं पाणी वेगळ्या नळीत घ्यायचं आणि ते एकटं मोजायचं. वरच्या पाण्याची रेघ सपाट आली तर शिखरं पेशींच्या पोटातली. तिथेही शिखरं आली तर आपण पाहिलं ते जिवंतांचं नव्हतंच, मेलेल्यांनी सांडलेलं होतं. ही वरच्या पाण्याची परीक्षा आमच्याकडे चुकवायची नाही, असा दंडक मीच घातला होता. त्याबद्दल मी मुलांना इतकं झापलंय की काही विचारू नका.

एका मंगळवारी मी पेशींच्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन भरत होतो. या टाकीत पेशींच्या कुप्या गोठवून ठेवतात. बाई पलीकडे सत्तेचाळीस क्रमांकाची बाटली बघत होत्या. आमच्याकडे पेशी येतात त्या एका इस्पितळातून, रुग्णांच्या कातडीच्या कणातून वाढवलेल्या, आणि त्यांच्यावर फक्त क्रमांक असतो. मी म्हटलं, "बाई, ती बाटली घ्या बाजूला, मला पाइप ओढायचाय."

"थांबा थोडं," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "हे आज फार दमलेत."

मला कुठेही चूक दिसली की ती काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "अहो, पेशी दमल्यात म्हणा. हे दमलेत काय?"

बाईंनी डोळा काढला. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझ्या हातातला पाइप हातातच राहिला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी ऐकत होतो, ह्यांची झोप, ह्यांचं खाणं, ह्यांना थंडी. पेशींनाही तसंच म्हणतात आणि बायको नवऱ्याबद्दल बोलते तेव्हाही तसंच म्हणते. फरक एवढाच की पेशी असतील तर 'ह्या' आणि नवरा असेल तर 'हे'. इतकी वर्षं त्यांनी सांभाळलेल्या 'ह्या'तल्या कान्याचा आज 'हे'च्या एका मात्रेनं घात केला होता.

"कुणाला सांगू नका, भाऊ," बाई म्हणाल्या. "मॅडमना कळलं तर मला इथून काढतील."

मग त्यांनी सगळं सांगितलं, हातमोजे न काढता, सरळ बसून. नवऱ्याचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. माणूस चेष्टेखोर, घडी घालण्यात पक्का. चादर हवेत उडवायचा आणि खाली येईपर्यंत तिची चौघडी झालेली असायची. चाळिशीआधीच केस पांढरे झाले, मग धाप लागायला लागली, मग अंगातलं रक्तच कमी पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पेशीतल्या धाग्यांची टोकं जन्मापासूनच आखूड आहेत, फार लवकर झिजतायत. औषध नव्हतं. अभ्यासासाठी दंडाच्या आतल्या बाजूची तांदळाएवढी कातडी द्याल का, असं त्यांनी विचारलं. त्यानं सही केली. सही करता करता म्हणाला, "घ्या. एवढ्यानं माझं वजन काही कमी होत नाही." कागदाची एक प्रत घरी आली होती. त्यावर क्रमांक होता सत्तेचाळीस.

"हे गेल्यावर तीन महिन्यांनी तो कागद सापडला," बाई म्हणाल्या. "इस्पितळात जाऊन विचारलं, ही कातडी कुठे जाते? त्यांनी तुमच्या प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. इथे आले तर दारावर पाटी, काचसामान धुवायला बाई पाहिजे."

आपल्या माणसाच्या नमुन्यावर आपण काम करायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मला तो तोंडपाठ आहे. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्या दिवसापासून मधलं दार मी स्वतः उठून लावायला लागलो. मंगळवारी नायट्रोजन भरायला बाई कधी आठवण करायच्या नाहीत, नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि मी म्हणायचो, "भरलंय, काठोकाठ." तेवढ्यावर त्या परत जायच्या.

कातडीच्या पेशी अमर नसतात. ठरावीक वेळा दुभंगतात, मग म्हाताऱ्या होतात; बाटलीच्या तळाला पसरट पडून राहतात आणि एक दिवस संपतात. या आजाराच्या तर फारच लवकर. त्या आजाराचे आणखी तीन नमुने आमच्याकडे होते, ते सगळे संपले होते. सत्तेचाळीसच्या पाच कुप्या टाकीत उरल्या होत्या. बाईंनी वर्षानुवर्षं बेतानं वापरून त्या टिकवल्या होत्या. एकदा वितळवली की कुपी परत गोठवता येत नाही, इतक्या त्या पेशी थकलेल्या होत्या. आणि मॅडमनी ठरवलं की आखूड टोकांच्या माणसात चौघडी कशी बसते ते याच पेशींत बघायचं. औषध शोधायचं तर घडी कशी आहे ते आधी कळायला हवं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी बाईंना बाजूला घेतलं. "बुरशी लागली म्हणून सांगा. मी काही बोलणार नाही."

"आणि ह्यांनी सही कशाला केली होती?" बाई म्हणाल्या. "शोभेला ठेवायला?"

तीन कुप्या बाहेर निघाल्या. पंचवीस दिवस बाईंनी त्या पेशी वाढवल्या. सुटीच्या दिवशीही यायच्या, पेशींचा खाऊ, म्हणजे साखर घातलेला पोषक द्रव, बदलायच्या आणि जायच्या. मग एका सकाळी नळी भरून माझ्याकडे आली. मी ती चुंबकात सोडली आणि चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर शिखरं उभी राहिली. एक, दोन, चार, पुरी बारा. इतकी स्वच्छ रेघ मी जिवंत पेशीत कधी पाहिली नव्हती. मुलं नाचायला लागली. मी ओरडलो, "वरचं पाणी!" बाईंनी वरचं पाणी काढून पांढऱ्या टोपणाच्या नळीत भरून दिलं. मी ते मोजलं. रेघ सपाट, अगदी तळहातासारखी.

मॅडमनी माझा हात हातात घेतला. बाई पडद्याजवळ गेल्या आणि बारा शिखरांच्या टोकांवरून हवेतच बोट फिरवलं. मला हळूच विचारलं, "म्हणजे हे आतलं? जिवंतपणीचं?"

"आतलं," मी म्हटलं. "जिवंतपणीचं."

त्यांनी रेघेची एक छापील प्रत मागून घेतली. चार दिवसांत मॅडमनी शोधनिबंध लिहून नियतकालिकाकडे पाठवूनही दिला.

नवव्या दिवशी मी शीतकपाट आवरत होतो. मागच्या रांगेत एक पांढऱ्या टोपणाची नळी दिसली. तिच्यावर बाईंचं अक्षर, 'सत्तेचाळीस, वरचं पाणी.' मोजून झालेल्या नळीवर मी पेन्सिलीनं बरोबरची खूण करतो. या नळीवर खूण नव्हती. रोज सकाळी चुंबक जुळवायला मी मिठाच्या पाण्याची एक नळी वापरतो. तिचं टोपण काळं असतं. त्या आठवड्यात काळं टोपण तडकलं म्हणून मी तिला पांढरं बसवलं होतं. मी स्वतः. आणि त्या गडबडीत वरचं पाणी म्हणून मी माझंच मिठाचं पाणी मोजलं होतं. त्यात सपाट रेघ येईल नाही तर काय येईल? खाऊतल्या साखरेचे बारीक उंचवटे तरी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दिसायला हवे होते. मी तिकडे पाहिलंच नाही. दुसऱ्यांना एकवीस वर्षं शहाणपण शिकवणारा मी, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खोलीत कुणी नव्हतं. मी ती नळी चुंबकात सोडली. चौघडी घालून बसलेला तुकडा टिकाऊ असतो, नऊ दिवसांत त्याला काही होत नाही. पंधरा मिनिटांत शिखरं वर आली. बाराच्या बारा.

म्हणजे पेशी मेल्या होत्या. झटका जास्त झाला होता किंवा नळीत दाटी जास्त झाली होती. बाईंनी जे बोट फिरवून पाहिलं होतं ते जिवंतपणीचं नव्हतं, आणि ते जिवंतपणीचं आहे हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं.

चार दिवस मी गप्प राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण राहिलो. निबंध गेलाय, कुणाला कळणार आहे, असंही एकदा मनात आलं. मग बाई सकाळी यायच्या, पूर्वीपेक्षा हलक्या चालीनं, आणि मला जेवण जाईनासं झालं. पाचव्या दिवशी त्यांची सुटी होती. मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो.

एका अरुंद गल्लीत ते दुकान होतं. शटर अर्धं वर. आत लांब लाकडी टेबल, त्यावर इस्त्रीच्या जागी जळका त्रिकोणी डाग, भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्या रिकाम्या होत्या, पण पुसलेल्या. मागच्या खोलीत बाई राहायच्या. मला बघून त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले. "चुंबकराव, आज वाट चुकलात?" पहिल्यांदाच त्या मला तोंडावर तसं म्हणाल्या, आणि हसल्या.

समोरच्या फळीवर ती छापील रेघ लावलेली होती. बारा शिखरं. चारी कोपरे नीट चिकटवलेले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. टोपण, मिठाचं पाणी, शीतकपाट, चार दिवसांचं गप्प बसणं, काही लपवलं नाही. बाई ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी फळीकडे पाहिलं.

"म्हणजे मी रोज उठून ज्यांच्याशी बोलतेय..." त्यांनी वाक्य सोडलं.

"चूक माझी आहे, बाई."

"तुमची आहेच!" त्या एकदम ओरडल्या. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. "दार उघडं राहिलं म्हणून मी तुम्हाला बोलायचे तेव्हा तुम्ही मला हसायचात. मी कधी एक नळी इकडची तिकडे केली? तीन कुप्या, भाऊ! तीन! तुम्ही नुसतं खोटं सांगितलं नाहीत. तुम्ही मला आनंद करायला लावलात."

थोड्या वेळानं त्यांनी पाणी आणून दिलं, आणि ते मला प्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे पत्र लिहून निबंध परत मागवला. मला त्या काही लागट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी यादी काढली. "सत्तेचाळीसच्या दोन कुप्या आहेत ना अजून?" त्यांना काय ठाऊक. मी तोंड उघडणार होतो. एका वाक्यानं ते सगळं थांबलं असतं. बाईंना या कामावरून काढलं असतं, पण मॅडम माणुसकीच्या आहेत. कुप्यांना त्यांनी हात लावला नसता. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी यादीकडे बघत बसलो.

"आहेत," बाई म्हणाल्या. "मी वाढवते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का केलंत? राहू द्यायच्या होत्या त्या टाकीत. मी असेपर्यंत नायट्रोजन कमी पडू दिला नसता."

"टाकीत काय आहे, भाऊ? गोठलेलं माणूस जिवंत असतं का?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बाहेर काढलं तर महिनाभर तरी असतील."

महिना नाही, बत्तीस दिवस असले ते. इतके दिवस लागले, कारण पेशी म्हाताऱ्या होत्या, दुभंगायला वेळ लावत होत्या. बाईंनी यावेळी झटका निम्म्यावर आणला. नळीत दाटी कमी केली. नळी माझ्या खोलीत आणताना ती त्यांनी मुठीत धरली होती. मी चुंबकात नळी बसते तिथला गारवा काढून अंगाच्या उष्णतेइतकी ऊब आधीच करून ठेवली होती. दुपारचे दोन वाजले होते. मॅडम गावाला गेल्या होत्या, मुलं वर्गात होती. आम्ही दोघंच.

वीस मिनिटं मोजायचं ठरलं होतं. दहाव्या मिनिटापर्यंत पडद्यावर नुसती खरखर होती. मग दहा आणि बाराच्या मध्ये रेघ किंचित वर आली, बसकी आणि पसरट, पांघरुणाखाली कुणी कूस बदलावी तशी. शिखर एकही नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं यंत्र बिघडलं म्हटलं असतं.

बाईंनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "आत गर्दी असते. चौघडी मोकळी नसते, शंभर ठिकाणी धरलेली असते. म्हणून अशी पुसट दिसते."

नळी बाहेर काढली. वरचं पाणी यावेळी बाईंनी स्वतः काढलं, स्वतः चिठ्ठी लावली, स्वतः चुंबकात सोडलं. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. रेघ सपाट आली. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला साखरेचे बारीक उंचवटे होते, जागच्या जागी. म्हणजे तो बसका उंचवटा खरा होता. तो आतला होता. दोन वर्षांनी तो छापूनही आला, आणि त्यावर पुढे कुणी कुणी काम करतंय असं ऐकतो.

खाली बसलेल्या पेशी अजून जिवंत होत्या. मी म्हटलं, "थोड्या बाटलीत लावून बघू या का परत?"

"लागायच्या नाहीत. मला माहितीये ना." नियमानं आता त्या मारून टाकायच्या होत्या. त्यासाठीचा द्रव ओट्यावर तयार होता. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. पेशींवर थोडा कोमट खाऊ घातला, नळी हलकेच हलवली आणि माझ्यापुढे धरली. "परत आत ठेवा."

"आता कशाला? मोजून झालंय."

"ठेवा तुम्ही."

मी नळी सोडली. बसका उंचवटा पुन्हा दिसला. वीस मिनिटं झाली, तीस झाली. आता पुढे काय येणार हे मला दिसत होतं आणि ते त्यांनी बघू नये असं वाटत होतं. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"चालू राहू द्या, भाऊ."

"बाई, आता पेशी फुटायला लागतील. शिखरं येतील. बघवणार नाही तुम्हाला."

"येऊ देत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता. "ह्यांचा जीव गेला तेव्हा मी खाली औषधाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे तिघं होते. वर आले तर नर्सनं तोंडावर चादर ओढलेली होती. जाताना जवळ कुणी नव्हतं हो त्यांच्या."

मी हात मागे घेतला. दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. चाळिसाव्या मिनिटाला पहिलं शिखर वर आलं, मग दुसरं. बाराही वर येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत.